सबनीस आणि माझा नसलेला हात

सबनीस गेले तेव्हा मुलुंडला एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. मी विक्रोळीहून बसनं गेलो. स्टेजवर त्यांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. शिकलेली माणसं, छान बोलत होती. एक गृहस्थ म्हणाले, सबनीस म्हणजे देह नव्हे, देह आज आहे उद्या नाही, सबनीस म्हणजे आतलं चैतन्य. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. सबनीस तिथं असते तर त्यांनी त्या गृहस्थाला विचारलं असतं, "आतलं म्हणजे कुठलं? नीट पत्ता सांगा."

मग कुणीतरी माझ्यापुढे माइक धरला. मी तो डाव्या हातात घेतला, उभा राहिलो आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही. सत्तावीस वर्षं कारखान्याच्या शॉपमध्ये प्रेसच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस मी. माइक परत दिला आणि खाली बसलो. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता. तिथं जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. मी चौथी शिकलेला. ती चौथीही उजव्या हातानं शिकलो होतो. हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं आहे. ज्याला वाचायचंय तो वाचेल.

विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो. पत्र्याचे पार्ट दाबायचं काम. माझ्या हाताखाली किती जण शिकून गेले, आणि माझ्या पार्टात इन्स्पेक्शनला खोट काढायला जागा मिळायची नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याच प्रेसनं माझा उजवा हात घेतला. मनगटाच्या वर चार बोटांच्या अंतरापासून पुढचं सगळं गेलं. त्याबद्दल मी रडलो नाही. मशीनवर काम करणाऱ्याला मशीन काय करू शकतं ते माहीत असतं.

माझी तक्रार वेगळी होती. हात गेला, पण तो गेलेला नव्हता. मला तो होता. पाचही बोटं होती, आणि मूठ आवळलेली होती. इतकी आवळलेली की नखं तळव्यात रुतायची. जागेपणी ती मूठ मला उघडता यायची नाही. समोर बघितलं तर पट्टी गुंडाळलेला थोटा हात, आणि त्याच्या पुढे, हवेत, मूठ दुखतेय.

हे कुणाला सांगायचं? डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत, हळूहळू जातील. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, जे नाहीच आहे ते दुखेल कसं?" शिकलाय तो, बँकेत आहे. खालच्या मजल्यावरचा गावडे तर घरी येऊन म्हणाला, "परब, हात रीतसर स्मशानात नेला नाही ना, म्हणून भटकतोय. नारायण नागबळीसारखं काहीतरी करून घे." त्याला मी हाकलला. पण सहा महिने झाले, दुखणं थांबेना, आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं की डोकं फिरलंय. मग मी सांगणंच बंद केलं. कुणी विचारलं की म्हणायचो, "ठीक आहे."

माझी बायको सुनंदा हिला ते खरं वाटायचं नाही. तिच्या भजनी मंडळातल्या एका बाईंच्या गुडघ्यासाठी मुलुंडहून कुणी सबनीस यायचे. ती त्यांना घेऊन आली. मी दार उघडलं तर समोर पन्नाशीचा एक बारीक माणूस, पांढरा स्वच्छ अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्री अशी की बाहीची धार बोटाला लागेल. डोळे अर्धवट मिटलेले, हातात पांढरी काठी. मी सुनंदाकडं बघितलं. मालिश करायला आंधळा आणलाय हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

"मालिश नाही," सबनीस म्हणाले. मी मनातलं तोंडावाटे बोलून गेलो होतो. "फिजिओथेरपी. आणि आंधळा बरोबर. जन्मापासून. हात कुठे धुवायचे?"

ही त्यांची पहिली सवय. कुणाच्याही घरी गेले की आधी हात धुवायचे, तेही कोमट पाण्यानं, मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासत बसायचे. मिनिट, दोन मिनिटं. मला ते नाटक वाटलं. म्हटलं, चला, लवकर उरका. ते म्हणाले, "थंड हातानं कुणाच्या घरात शिरू नये."

"शिरलात की केव्हाच. दोन खोल्या तर आहेत."

"हे नाही हो. ते," म्हणून त्यांनी माझ्या दिशेला हनुवटी केली. मग उठून आले, काठी भिंतीला टेकवली, आणि माझ्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा वाजवलं. दारावर वाजवावं तसं. "येऊ का?"

हॉस्पिटलात किती जणांनी तो हात उचलला, वळवला, सुया टोचल्या. "येऊ का" म्हणून कुणी विचारलं नव्हतं. ते तसेच उभे. सुनंदा मला डोळ्यांनी खुणावते आहे. शेवटी मी म्हटलं, "या." तेव्हा त्यांनी हात लावला.

पंधरा वर्षांत मी त्यांना शेकडो वेळा बघितलं, पण परवानगीशिवाय त्यांनी कुणालाही हात लावलेला मला आठवत नाही. त्यांच्या दवाखान्यात एक म्हातारी यायची, पूर्ण लुळी पडलेली, बोलता यायचं नाही. तिच्याही खांद्यावर टकटक. आणि ते थांबायचे. मी एकदा विचारलं, ती हो म्हणाली हे तुम्हाला कळतं कसं? म्हणाले, "श्वास बदलतो. आत कुणी उठून दाराकडं आलं की कळतंच की."

त्या पहिल्या दिवशी त्यांनी थोटा चाचपला, टोकापर्यंत आले, टोकाला थांबले नाहीत. त्यांची बोटं टोकाच्या पुढे हवेत सरकत गेली आणि वीतभर पुढं जाऊन थांबली. "हात इथंवर आहे?"

मी त्यांच्या बोटांकडं बघत राहिलो.

"उघडा आहे की मूठ?"

"मूठ," मी म्हटलं.

"काय आहे मुठीत?"

आता इथं मला थांबून सांगायला हवं. सहा महिन्यांत डॉक्टर, मुलगा, गावडे, कारखान्यातली माणसं, सगळ्यांनी मला सांगितलं होतं की हात नाही. या माणसाला तो जसा काही दिसत होता, आणि तो विचारत होता मुठीत काय आहे. आणि मुठीत होतं. मी ते सुनंदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"वेस्ट आहे," मी म्हटलं. "कॉटन वेस्ट, सुताचा बोळा. डाय पुसायचा."

"पुसत होतात?"

"हो."

"आणि मशीनचा गार्ड?"

म्हणजे बघा. आंधळा माणूस, जन्मात कारखाना बघितलेला नाही. पण त्याच्याकडं असले चार हात आधी येऊन गेले असणार. गार्ड म्हणजे हात डायखाली, साच्यात, जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. मी खिडकीकडं तोंड केलं. मग म्हटलं, "गार्ड मीच बाजूला केला होता. सत्तावीस वर्षांत मला गार्ड लागला नव्हता."

त्यांनी हूं केलं. उपदेश नाही, सहानुभूती नाही. म्हणाले, "म्हणून सोडवत नाही ती मूठ. हरकत नाही. आपण विनंती करून बघू." मी गावडेचं भटकणाऱ्या हाताचं सांगितलं तर ते जोरात हसले. "भटकतोय कुठं? सहा महिने तुमच्याच थोट्याला धरून बसलाय. भटकला असता तर बरं होतं की."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. नवा पेशंट आला की पाचव्या सहाव्या दिवशी, हात चोळता चोळता सहज विचारायचे, "तुम्ही कुठं राहता?" लोक म्हणायचे भांडुप, घाटकोपर, नाहूर. मग ते म्हणायचे, "ते झालं. तुम्ही, आत, कुठं राहता? डोळे मिटा आणि सांगा." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "विक्रोळी पूर्व." दोन दिवसांनी परत विचारलं. मी म्हटलं, "विक्रोळी पूर्व, तिसरा मजला." असं पंधरा दिवस चाललं. माझा हेका त्यांना आवडायला लागला होता बहुतेक.

पण मी एकटा असताना डोळे मिटून बघायचो. मला वाटलं मी डोळ्यांच्या मागं आहे, कपाळात. एक दिवस तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, "डोळसांतले बरेचसे तसंच सांगतात. खिडकीशी बसलेले असता तुम्ही. मला खिडकीच नाही. मी कुठं असेन?"

"कुठं?"

"बोटांत असतो बहुतेक वेळ. रस्त्यावर असलो तर काठीच्या टोकाला."

हे मी बोलण्यापुरतं बोलणं समजलो. मग एक दिवस त्यांना बसस्टॉपवर सोडायला खाली उतरलो. फुटपाथ खणून ठेवलेला, म्हणून ते रस्त्याच्या कडेनं काठी टेकत चाललेले. वळणावरून एक रिक्षा आली आणि तिचं मागचं चाक काठीच्या टोकावरून गेलं. फक्त काठीवरून. त्यांच्या अंगाला चाक लागलंसुद्धा नाही. पण सबनीस "आई गं" म्हणून खाली बसले. चेहरा पिळवटलेला. मी घाबरलो. पाय बघितला, गुडघा बघितला.

"लागलं कुठं?"

"टोकाला," ते म्हणाले, आणि वाकड्या झालेल्या काठीचं टोक दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागले. बघतो तर रिक्षावाला थांबून आमच्याकडं बघतोय. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. दोन मिनिटांनी त्यांचं त्यांनाच हसू आलं. "बघा परब. काठी मेलेली, तिच्यात नस नाही, रक्त नाही. आणि दुखलं. आता तुम्ही माझ्या मुलाला सांगाल का, सबनिसांना वेड लागलंय म्हणून?"

त्यांना मुलगा नव्हता, लग्नच नव्हतं केलेलं. माझ्या मुलाचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं, त्याच्यावर तो टोला होता. त्या दिवशी मला कळलं की मी वेडा नाही. माणूस त्याच्या कातडीपाशी संपत नाही, कधी अलीकडं संपतो, कधी पलीकडं. हे मला कुठल्या डॉक्टरानं सांगितलं नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसलेल्या एका आंधळ्यानं सांगितलं.

पण मूठ काही उघडेना. मग सबनिसांनी आरसा आणला.

कुठल्याशा डॉक्टरच्या भाषणात त्यांनी ऐकलं होतं. टेबलावर आरसा उभा धरायचा, थोटा हात त्याच्या मागं लपवायचा, चांगला हात पुढं ठेवायचा. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दिसतं ते बरोबर गेलेल्या हाताच्या जागी. मग दोन्ही मुठी आवळायच्या आणि दोन्ही उघडायच्या, आरशात बघत. मेंदूला वाटतं, उघडला बाबा. मला हे पोरखेळासारखं वाटलं. त्यात सांगणारा कोण, ज्यानं जन्मात आरसा बघितला नाही.

"आरसा म्हणजे काय ते मला नीट कुणी सांगू शकलं नाही," ते म्हणाले. "लहानपणी आईला विचारलं तर म्हणाली, त्यात आपण दिसतो. मी हात लावला. गार काच. मला कितीतरी दिवस वाटायचं, आपण बाहेरून एवढे गार असतो का?"

फ्रेमवाल्याकडून त्यांनी तो आरसा मुद्दाम करून घेतला होता. कडा लागू नयेत म्हणून पट्टी, आणि मागच्या बाजूला गुळगुळीत हिरवं सनमायका. दोन्ही बाजू हाताला सारख्याच लागायच्या, म्हणून ओळखायला त्यांनी बहिणीकडून एक टिकली मागून घेतली आणि मागच्या बाजूला, सनमायकावर कोपऱ्यात चिकटवली. टिकली त्यांच्या बाजूला, आरसा माझ्या बाजूला, असा हिशोब.

आरसा टेबलावर ठेवून ते हात धुवायला गेले. सुनंदानं वर्तमानपत्राचं वेष्टण सोडलं. बघते तर टिकली मागच्या बाजूला. आता आमच्याकडंच काय, कुणाच्याही घरात बघा, बायका टिकल्या आरशाच्या पुढच्या बाजूला लावून ठेवतात. तिला वाटलं, बिचाऱ्यांना दिसत नाही, चुकून मागं लागली. तिनं ती अलगद काढली आणि पुढं काचेवर, कोपऱ्यात लावली. चांगलं काम केल्यासारखी चहा टाकायला आत गेली.

सबनीस आले. टिकली चाचपली. आणि टिकलीची बाजू स्वतःकडं करून आरसा माझ्यापुढं उभा केला.

माझ्यापुढं हिरवं सनमायका.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. पण ते कसे बसले होते माहीत आहे? टेबलावर वाकून, मान एका बाजूला, लहान मुलानं निकालाची वाट बघावी तसे. इतक्या लांबून, काठी टेकत, काखेत आरसा घेऊन आलेले. मला वाटलं, आंधळ्याला आरसा उलटा धरलायस म्हणून कसं सांगायचं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"हात दिसतोय," मी म्हटलं.

"उजवा?"

"उजवा."

"उघडा हळूहळू. बघत राहा."

मी सनमायकाकडं बघत डावी मूठ उघडत मिटत बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज ते विचारायचे, काय दिसतंय, आणि मी रोज बोटं, नखं, अंगठ्यावरचा डाग, सगळं सांगायचो. चौथ्या दिवशी तर म्हटलं, "जरा सैल झाल्यासारखी वाटतेय." ते इतके खूश झाले की वहिनी, आज साखर जास्त टाका म्हणाले.

पाचव्या दिवशी सुनंदा चहा घेऊन लवकर बाहेर आली. कप ठेवता ठेवता थांबली. "अहो, ह्यो आरसो उलटो कित्याक ठेवलो हा?"

सबनिसांचा हात टिकलीवर होता. त्यांनी सगळी काच चाचपली, मग सनमायका चाचपलं. सुनंदाच्या लक्षात आलं, ती तोंडावर हात घेऊन उभी.

"किती दिवस?" त्यांनी मला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"पाच दिवस तुम्ही लाकडाकडं बघत होता?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी आरशावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "परब, मला रोज कुणी ना कुणी फसवतं. मोड देताना, रस्ता सांगताना. त्याचं मी काही मानत नाही. पण तुम्ही माझी लाज राखलीत, की तुमची मूठ?"

त्यांनी काठी घेतली. सुनंदा म्हणाली, "भाऊ, चहा." ते म्हणाले, "वहिनी, तुमची चूक नाही. टिकलीची जागा तीच बरोबर." आणि गेले. आरसा तसाच टेबलावर.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. सुनंदा माझ्याशी बोलेना. मी म्हटलं, नाही तर नाही, मी कुणाला बोलवायला जाणार नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. तुमची मूठ. खरं काय होतं ते मला माहीत होतं. आरसा सरळ असता आणि तरी मूठ उघडली नसती, तर मग मला काहीच उरलं नसतं. सनमायकाकडं बघत बसण्यात तो धोका नव्हता. आणि दुसरंही होतं. ती मूठ उघडली की शेवटची गोष्ट, जी मी त्या हातानं पकडली होती, ती पण जाणार. त्यानंतर तो हात खरंच गेला असं होणार.

आठवड्यानं, सुनंदा बाजारात गेली तेव्हा दुपारी मी दाराला कडी लावली. आरसा सरळ करून डब्यांना टेकवून उभा केला. थोटा मागं घातला. डावा पुढं ठेवला.

माझा उजवा हात टेबलावर होता.

कसं सांगू? तो डाव्याचाच उलटा होता, मला माहीत होतं, मी काही खुळा नाही. तरी सात महिन्यांनी मी त्याला बघत होतो. मूठ आवळलेली. मी म्हटलं, "येऊ का?" का म्हटलं माहीत नाही. मग हळूहळू डावी उघडली. आरशातली उघडली. आणि आत, म्हणजे हवेत, जिथं तो होता तिथं, करंगळी सुटली. मग तिच्या बाजूचं बोट. मग सगळी. वेस्ट निसटल्याचं मला कळलं. तेलानं चिकट झालेलं होतं ते, तळव्याला जरा धरून राहिलं आणि मग पडलं.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. खरंच बघितलं.

सुनंदा आली तेव्हा मी शर्ट बदलत होतो. अपघातानंतर मी एकटा कुठं गेलो नव्हतो. लोक थोट्याकडं बघतात ते मला चालायचं नाही. त्या दिवशी मुलुंडची बस पकडली, उभ्यानं गेलो, डाव्या हातानं दांडा धरून. सबनिसांचा दवाखाना म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. ते कुणाचीतरी मान धरून बसले होते. मी दारात उभा राहिलो.

"परब," ते म्हणाले. पावलांवरून ओळखलं.

"वेस्ट पडलं," मी म्हटलं.

त्यांनी त्या माणसाची मान सोडली. "कुठं पडलं?"

"टेबलाखाली."

"शोधलंत?"

"शोधलं."

"सापडलं?"

"नाही."

"झाडून घ्या हो नीट. वहिनींचा पाय सरकेल." आणि मग सबनीस इतके हसले की समोरचा पेशंटसुद्धा हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. मी माफी मागायला गेलो होतो. मला माफी मागता येत नाही. त्यांनी मागायला लावली नाही. म्हणाले, "बसा, नंबर लावा, तुमच्या आधी दोघं आहेत."

दुखणं परत यायचं अधूनमधून, आरशापुढं बसलं की जायचं. पुढं आरसाही लागेना. हात मात्र राहिला, मूठ सुटलेला. मी त्यांच्याकडं जात राहिलो. त्यांच्याकडं हात, पाय गेलेली माणसं आली की ते मला फोन करायचे, "परब, एकजण आलाय, ऐकत नाही. तुमच्यासारखाच आहे." मी जायचो. आरसा मी धरायचो. दोन माणसांत मिळून आम्हाला तीन हात आणि दोन डोळे, तेवढ्यात भागायचं. समोरचा म्हणाला दिसतंय, की मी बाजूनं जाऊन खरंच दिसतंय का ते बघायचो. सबनीस म्हणायचे, "चोराला चौकीदार ठेवलाय मी."

अशी पंधरा वर्षं. मग त्यांची साखर वाढली आणि बोटांतलं कळणं जायला लागलं.

आधी त्यांनी लपवलं. मला कळलं ते घड्याळावरून. त्यांचं घड्याळ काच उघडणारं होतं, काटे बोटानं बघायचे. बोलता बोलता काच उघडायची, बोट टेकवायचं, मिटायची, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एक दिवस त्यांनी काच उघडली, बोट ठेवलं, परत ठेवलं, आणि मला म्हणाले, "किती वाजले हो?" मी सांगितलं. दोन महिन्यांत दवाखाना बंद झाला. ब्रेलची पुस्तकं त्यांनी एका शाळेला देऊन टाकली. ज्याला डोळे कधी नव्हतेच, त्याची आता बोटं गेली. मला त्यांना भेटायला जायची भीती वाटायला लागली. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. तीन महिने गेलो नाही. शेवटी सुनंदानं डबा भरून हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.

मुलुंडच्या घरी त्यांच्या धाकट्या बहिणीनं, उषाताईंनी, दार उघडलं. सबनीस वेताच्या खुर्चीत, शर्टाची इस्त्री तशीच. खंगले होते. मी जवळ गेलो आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांच्या खांद्यावर दोनदा वाजवलं.

"येऊ का?"

त्यांचा श्वास बदलला. "या परब. तीन महिने लागले?"

"बस मिळत नव्हती."

"सनमायका," ते म्हणाले. आम्ही दोघं हसलो.

उषाताईंनी चहा आणला. ते कप दोन्ही तळव्यांत धरून ओठाला लावून बघायचे, गरम किती आहे ते. मला राहवेना. म्हटलं, "सबनीस, आता कुठं राहता?"

ते विचार करायला लागले. हा प्रश्न त्यांना कुणी कधी उलटा विचारला नसणार. "बोटांतली जागा सोडावी लागली," ते म्हणाले. "पुढच्या दोन खोल्या बंद आहेत असं समजा. तळवाही गेला जवळपास. ओठात बरा असतो. गालात. अडचण होते, पण राहतोय. मला भीती होती परब, की बोटं गेली की मीच जाईन. मी तर तिथंच होतो ना आयुष्यभर. पण तसं नाही झालं. सामान हलवलं आणि आत सरकलो."

"आणखी आत सरकावं लागलं तर?"

"तेच बघायचंय," ते म्हणाले. घाबरलेला आवाज नव्हता तो. नव्या गिऱ्हाइकाचा खांदा चाचपताना असायचा तसा होता. "तुमचा हात द्या. तो."

मी थोटा पुढं केला. त्यांनी तो गालाला लावून धरला. काही वेळ तसाच. "हां, परब," म्हणाले, जसं काही आत्ता ओळख पटली.

संध्याकाळ व्हायला आली तसा मी उठलो. त्यांनी खुर्चीत बसूनच उजवा हात पुढं केला. डावा नव्हे, उजवा. मीही उजवा पुढं केला. त्यांचा हात होता पण त्याला कळत नव्हतं, आणि माझा नव्हता पण त्याला कळत होतं. मला त्यांचा तळवा लागला. कोमट, घासून गरम केल्यासारखा.

"धरलात?" त्यांनी विचारलं.

"धरला," मी म्हटलं. या खेपेला मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं.

मग बसची वेळ झाली म्हणून मी निघालो. दारापाशी चपला घालताना वळून बघितलं. ते तसेच बसले होते, हात पुढं केलेला, बोटं अर्धवट मिटलेली. उषाताई म्हणाल्या, "दादा, हात खाली घे आता. परब निघाले."

"थांब गं," सबनीस म्हणाले. "अजून धरलाय त्यांनी."

मी जिन्यात उभा होतो. आणि खरंच, मी सोडला नव्हता.